स्कॅन केलं तरी व्हायरस परत येतो आणि कॉम्प्युटर अडकतो: मूळ कुठे शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. कॉम्प्युटर सुरू होतो, डेस्कटॉप दिसतो, पण आयकॉनवर क्लिक केलं की बराच वेळ काहीच हलत नाही. ब्राउझर उघडला तर न मागितलेली पानं समोर येतात. कसंबसं अँटिव्हायरसचं स्कॅन पुरं होतं, तो अमुक फाईली सापडल्या आणि काढून टाकल्या असं सांगतो, आणि त्या दिवसापुरतं सगळं बरं चालतं. दुसऱ्या दिवशी चालू केला की पुन्हा तेच. मग आणखी एक अँटिव्हायरस टाकला जातो, दोघांचं रिअल-टाइम संरक्षण एकाच वेळी प्रत्येक फाईल तपासू लागतं आणि मशीन आणखी जड होतं.

स्कॅनने सांगितलेलं खरंच असतं. फाईल सापडली होती आणि ती गेलीही. राहिलं ते तिला पुन्हा आणणारं. आजच्या बहुतेक व्हायरसांचे दोन भाग असतात: एक प्रत्यक्ष उपद्रव करणारी फाईल, आणि दुसरी एखादी बारीकशी नोंद, जी लॉगिन झालं की किंवा ठरावीक मिनिटांनी ती फाईल चालवते आणि सापडली नाही तर इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेते. ही नोंद म्हणजे विंडोजच्याच एखाद्या कायदेशीर सोयीत लिहिलेली एक ओळ असते. तिच्यात संशय घेण्याजोगी फाईल नसेल तर स्कॅनरच्या नजरेतून ती सुटू शकते. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहितो आहे आणि त्यातला मोठा भाग ही नोंद शोधण्याबद्दलच आहे.

आधी खात्री: हा व्हायरसच आहे ना?

अडकणारा प्रत्येक कॉम्प्युटर व्हायरसने आजारी नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. डिस्क सतत १०० टक्के आहे, पण वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एखादा एमबी, आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद, असं चित्र असेल तर हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता जास्त. अशा डिस्कवर तासन्‌तास फुल स्कॅन चालवणं म्हणजे तिचा उरलेला जीव घेणं. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, बाकीचं नंतर.

उलट, तुम्ही काही करत नसतानाही प्रोसेसर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर असेल तर संशय पक्का होत जातो. चोरून क्रिप्टो नाणी खोदणाऱ्या प्रोग्रामांची एक खोड ओळखून ठेवा. कॉम्प्युटर नुसता पडून आहे आणि पंखा जोरात फिरतो आहे. तुम्ही टास्क मॅनेजर उघडता, आकडा क्षणभर वर दिसतो आणि झर्रकन खाली येतो, पंखाही हळूहळू शांत होतो. खिडकी बंद केली की थोड्या वेळात पुन्हा घरघर. टास्क मॅनेजर उघडला गेला की स्वतःला थांबवायचं, हे त्या प्रोग्रामात लिहिलेलंच असतं. पंख्याचा आवाज इथे आकड्यापेक्षा जास्त खरं बोलतो.

आणि टास्क मॅनेजर उघडतच नसेल, ‘ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर घरच्या मशीनवर त्याचा अर्थ जवळजवळ एकच. तुमच्याशिवाय तिथे दुसरा ॲडमिनिस्ट्रेटर नाही आणि तुम्ही तर तो बंद केलेला नाही.

इंटरनेट तोडा

केबल काढा किंवा वायफाय बंद करा. माउस दाद देत नसेल तर राउटरच बंद करा. यामुळे फाईल पुन्हा उतरवली जाणं थांबतं आणि तुमची माहिती बाहेर जाणंही. लागणारी साधनं दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. हा पेनड्राइव्ह एकदा आजारी मशीनला लागला की तोही संशयित, हे लक्षात असू द्या. लिहिण्यापासून लॉक करायचं बटण असलेला मिळाला तर उत्तम.

बँकेचं, ईमेलचं काहीही या मशीनवर उघडू नका. आत्ताच पासवर्ड बदलायचे असतील तर ते फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. आजारी मशीनवर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे तोही चोराच्या हाती देणं.

सेफ मोडमध्ये शिरा

सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक तेवढंच चालू करतं, त्यामुळे लॉगिनबरोबर उठणारा बहुतेक कचरा झोपलेला राहतो. जुनी एफ८ ची सवय आता उपयोगाची नाही, विंडोज ८ पासून ती वाट मुळात बंदच ठेवलेली असते. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट निवडा. निळा पडदा आला की ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. यादी आली की साध्या सेफ मोडसाठी ४, इंटरनेटसह हवा असेल तर ५. आत्ता ४ दाबा.

लॉगिनच्या पडद्यापर्यंतही पोचता येत नसेल तर विंडोज सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. हा डिस्कवर अत्याचारच आहे, म्हणून दुसरा मार्ग नसेल तेव्हाच.

त्याआधी दोन गोष्टी हाताशी हव्यात. डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर इथे ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळता लागलेलं असतं आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून खात्यात शिरून ती आधीच कागदावर उतरवा. दुसरं म्हणजे रोजचा पिन इथे चालेलच असं नाही, खात्याचा मूळ पासवर्ड ठाऊक हवा. याच कारणासाठी एमएसकॉन्फिगमध्ये, म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं हे ठरवण्याच्या खिडकीत, सेफ बूटची खूण करून ठेवण्याचा सल्ला मी कुणाला देत नाही. पासवर्ड चालला नाही तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतं आणि आत जायची वाट बंद.

एक उपयोगी कसोटीही इथे होते. सेफ मोडमध्येही मशीन तितकंच अडकत असेल तर दोष डिस्कचा, रॅमचा किंवा बिघडलेल्या विंडोजचा असण्याची शक्यता वाढते. सेफ मोडमध्ये लख्ख चालतं आणि नेहमीच्या मोडमध्ये अडकतं, असं असेल तर विंडोजबरोबर उठणारं काहीतरी मुळाशी आहे. ते व्हायरस असेल किंवा एखादा खराब ड्रायव्हर, पण शोधायचं आता विंडोजबरोबर उठणाऱ्या गोष्टींच्या यादीत.

उठवणारी नोंद शोधणं

यासाठी सर्वांत चांगलं साधन मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. विंडोजबरोबर जे जे आपोआप सुरू होऊ शकतं त्या सगळ्या जागा ते एका खिडकीत दाखवतं. राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे शेकडो ओळींऐवजी वाचता येईल एवढी यादी उरते. सह्या तपासण्याचा पर्यायही चालू करा. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाचं नाव किंवा खरी डिजिटल सही नाही. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाईल जागेवर नाही, आणि अँटिव्हायरसने फाईल काढून नोंद तशीच ठेवली की बरेचदा हेच दिसतं. गुलाबी दिसली म्हणजे व्हायरसच असं नाही, छोट्या प्रामाणिक प्रोग्रामांनाही सही नसते. रंग फक्त कुठे नजर थांबवायची ते सांगतो.

लॉगऑन, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस आणि डब्ल्यूएमआय (विंडोजची अंतर्गत व्यवस्थापनाची सोय) या चार टॅबांवर वेळ घालवा. लॉगऑन सगळेच बघतात. शेड्यूल्ड टास्क्स बघायचं राहून जातं आणि परत येणाऱ्या व्हायरसांची आवडती जागा नेमकी तीच.

अशी नोंद जवळून कशी दिसते ते सांगतो. नाव अगदी सभ्य, ‘अपडेट’, ‘सर्व्हिस’ किंवा ‘सिंक’ असा शब्द त्यात हमखास. टास्क शेड्यूलर उघडून ट्रिगर्स बघितले तर एक लॉगिनचा आणि दुसरा दर काही मिनिटांनी, कायमचा. ॲक्शन्समध्ये मात्र एखाद्या ओळखीच्या प्रोग्रामऐवजी पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं आदेश चालवणारं साधन असतं, खिडकी लपवून चालवायच्या सूचनेसह, आणि पुढे अर्थहीन अक्षरांची लांबच लांब माळ. ती माळ म्हणजे गुंडाळलेला आदेश. कधी पॉवरशेलच्या जागी स्क्रिप्ट चालवणारं डब्ल्यूस्क्रिप्ट असतं आणि ते ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमधल्या वेड्यावाकड्या नावाच्या स्क्रिप्टकडे बोट दाखवतं. घरच्या कॉम्प्युटरवर अशा नोंदीला प्रामाणिक कारण क्वचितच असतं.

नावांवर विसंबू नका, पत्ता बघा. एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची खरीखुरी फाईल आहे, पण तिचं घर विंडोज फोल्डरमधलं सिस्टम३२. त्याच नावाची फाईल टेम्प, रोमिंग किंवा प्रोग्रामडेटामध्ये बसली असेल तर ती तोतया.

संशयित ओळ सापडली की लगेच डिलीट करू नका. समोरची टिकखूण काढा आणि फाईलचा पत्ता लिहून घ्या. मग रिफ्रेश करा. खूण आपोआप परत आली किंवा तीच नोंद नव्या नावाने उगवली, तर त्या नोंदीवर पहारा ठेवणारं दुसरं काहीतरी अजून जिवंत आहे आणि आधी ते शोधायचं. खूण गेलेलीच राहिली तर मशीन रीस्टार्ट करून पुन्हा बघा. रीस्टार्टच, शटडाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतरही विंडोजचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टमध्ये होतो. दोन-तीन रीस्टार्टनंतरही नोंद झोपलेली राहिली की ती आणि तिची फाईल, दोन्ही काढा.

स्कॅनला कुणी आंधळं केलंय का?

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुतेक वेळा कुणी बघत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये खाली एक्सक्लूजन्स असतात, म्हणजे स्कॅनने ज्यांना हात लावायचा नाही अशा जागांची यादी. ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळालेला व्हायरस अनेकदा पहिलं काम हेच करतो, आपलं फोल्डर या यादीत टाकतो. कधी सबंध सी ड्राइव्हच तिथे बसलेला असतो. मग तुम्ही दिवसभर फुल स्कॅन चालवा, उत्तर ‘काही धोका नाही’ असंच येणार. मोफत ॲक्टिव्हेटर किंवा क्रॅक चालवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ किंवा ‘हे फोल्डर वगळा’ अशी सूचना पाळली असेल तर त्या सूचनेचं फळ इथेच सापडतं.

तुम्ही स्वतः न टाकलेली प्रत्येक ओळ काढा. संरक्षणाच्या सेटिंग्ज बाहेरून बदलू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना तेही बघा.

आता स्कॅन. सेफ मोडमध्ये असतानाच पेनड्राइव्हवरून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चालवा. हा उतरवल्यापासून १० दिवसांनी कालबाह्य होतो, त्यामुळे जुना पडलेला वापरू नका, ताजा आणा. त्यानंतर नेहमीच्या मोडमध्ये येऊन विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच्या अवस्थेत, साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. व्हायरस जागाच नसल्यामुळे त्याला स्वतःला लपवता येत नाही. संपल्यावर मशीन आपोआप सुरू होतं आणि निकाल वेगळा समोर येत नाही, तो प्रोटेक्शन हिस्ट्रीत जाऊन वाचावा लागतो. बरेच जण तो वाचतच नाहीत. वाचा, कारण तिथे फाईलचा पूर्ण पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरून ऑटोरन्समधली चुकलेली नोंद सापडते.

अँटिव्हायरसच्या साइटच तेवढ्या उघडत नसतील आणि बाकी इंटरनेट नीट चालत असेल, तर सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरच्या आत ईटीसीमधली होस्ट्स फाईल, म्हणजे कुठल्या साइटला कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते लिहिता येणारी फाईल, नोटपॅडमध्ये बघा. मूळ फाईलमधल्या सगळ्या ओळी हॅशच्या खुणेने सुरू होतात. सुरक्षा कंपन्यांच्या नावांपुढे उगाच लिहिलेले आकडी पत्ते दिसले तर ते व्हायरसचं काम. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी प्रॉक्सी (तुमचं इंटरनेट ज्यातून वळवलं जातं तो मधला सर्व्हर) भरलेला नाही ना, तेही बघून घ्या.

ब्राउझर आणि पेनड्राइव्ह, परत येण्याच्या दोन वाटा

कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असे इशारे येत राहतात, त्यातले कितीतरी व्हायरस नसतातच. कुठल्यातरी साइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत असते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधून तिची परवानगी काढली की संपलं. त्या इशाऱ्यातल्या फोन नंबरवर कधीही फोन करू नका. समोरचा माणूस मदतीच्या नावाखाली मशीनचा ताबा मागतो.

ब्राउझरला जोडलेलं एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, काढलं तरी परत येत असेल तर कारण बहुधा सिंक. खात्याच्या सिंकमध्ये ते साठवलेलं असतं आणि तिथून पुन्हा उतरतं. आधी सिंक बंद करा, एक्स्टेन्शन काढा, सर्व्हरवरचा सिंकचा साठा पुसा आणि मगच सिंक चालू करा. घरच्या क्रोममध्ये ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ असं दिसत असेल तर कुणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, धोरणं घुसवलेली असू शकतात. काही अँटिव्हायरसही असं करतात, त्यामुळे घाबरून न जाता क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

पेनड्राइव्हचं दुखणं जुनं, पण अजून जिवंत आहे. उघडला की सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डर गेलेले नसतात, लपवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डरही उघडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या आणि सिस्टमच्या फाईली दाखवायचा पर्याय चालू करा, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट काढा, आणि फोल्डरांवरचा लपवण्याचा गुण कमांड प्रॉम्प्टमधल्या ॲट्रिब आदेशाने उतरवा. मशीन स्वच्छ झालं आणि ड्रॉवरमधला जुना पेनड्राइव्ह तसाच राहिला, तर पुढच्या वेळी तो लावल्यावर वरची सगळी मेहनत पाण्यात. घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह, कार्ड आणि बाहेरची डिस्क तपासा.

कधी थांबायचं

काही वेळा साफसफाई करत बसण्यात अर्थ नसतो. स्कॅनच्या यादीत तुमच्या रोजच्या प्रोग्रामांच्या शेकडो ईएक्सई फाईली दिसत असतील तर तो सॅलिटी किंवा विरुटसारखा, चांगल्या फाईलींच्या आत शिरणारा प्रकार असतो. दुरुस्त केलेल्या फाईली धड चालत नाहीत आणि एक जरी सुटली तरी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी, किंवा मशीनवर कुणाचा तरी दूरून ताबा होता असं दिसलं तर, विंडोज नव्याने टाका. फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ बाहेर काढा, प्रोग्राम आणि इन्स्टॉलर मात्र सोबत घेऊ नका. निरोगी कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टकडून विंडोज घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि जुनी पार्टिशनं पुसून इन्स्टॉल करा. ‘रीसेट धिस पीसी’ सोपं आहे, पण त्यातही फाईली ठेवण्याचा पर्याय न घेता सगळं काढा आणि विंडोज क्लाउडवरून उतरवायला सांगा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे मशीन चालवू शकत असेल तर या निमित्ताने ११ वरच जा.

फाईलींची नावं बदलली आहेत, त्या उघडत नाहीत आणि खंडणी मागणारी चिठ्ठी पडली आहे, तर तो रॅन्समवेअर. व्हायरस काढल्याने त्या फाईली उघडणार नाहीत. त्या पुसूही नका, चिठ्ठीसकट बाजूला ठेवा. २०१६ साली युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसह सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे मिळू शकते.

स्वच्छ झाल्यावर

इंटरनेट जोडा, विंडोज अपडेट करा, मशीन नेहमीसारखं वापरा आणि काही दिवसांनी ऑटोरन्स व एक्सक्लूजन्स पुन्हा एकदा बघा. जुने रिस्टोअर पॉइंट काढून नवा तयार करा, नाहीतर कधीतरी मागे जाताना तोच कचरा परत येतो.

पासवर्ड मात्र सगळे बदला, ईमेलपासून सुरुवात करून. आधी फोनवरून बदलले असतील तर तेवढ्यावर थांबू नका, ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं धरून चाला. माहिती चोरणारे प्रोग्राम पासवर्डबरोबर ब्राउझरच्या कुकीज उचलतात आणि त्या कुकीजवर पासवर्ड न टाकताही, ओटीपी न मागताही तुमच्या खात्यात शिरता येतं. म्हणून प्रत्येक खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट’ दाबा, ईमेलमध्ये अनोळखी फॉरवर्डिंगचा नियम नाही ना ते बघा, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर तुमचाच आहे ना याची खात्री करा.